संथ प्रेमकथेत नेमकं संथ कोण असतं? 'पर्स्वेजन'मधली ॲन आणि वेंटवर्थ

'या कादंबरीत नायक-नायिकेचं प्रेम हळूहळू फुलत जातं.' रीजन्सी काळातल्या प्रेमकथांवर संशोधन करायचं ठरवलं, की सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर असं एखादं वाक्य आपल्या हातून लिहिलं जातं. वाक्य खोटं नाही. पण गाईडने 'हळूहळू म्हणजे काय?' असं विचारलं की आपण अडकतो. कोण हळू आहे, नायक की नायिका? की लेखिकाच मुद्दाम वेळ काढतेय? आणि हे सगळं मजकुरात दाखवायचं कुठे? आज या एका शब्दाचा पिच्छा पुरवू या. त्यासाठी मी जेन ऑस्टिनची 'पर्स्वेजन' घेतली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे त्याच्या मुलाने १८११ ते १८२० या काळात त्याच्या वतीने कारभार पाहिला. हा रीजन्सी काळ. आज दुकानात 'रीजन्सी रोमान्स' म्हणून जे पुस्तक मिळतं, त्याची वाट विसाव्या शतकात जॉर्जेट हेयर या लेखिकेने पाडली. तिची 'रीजन्सी बक' १९३५ साली आली. हेयर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा काळ उभा करत होती, ऑस्टिन मात्र आपल्या वर्तमानाबद्दल लिहीत होती. हा फरक सिनॉप्सिसमध्ये स्पष्ट हवा, नाहीतर व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येतो.

'पर्स्वेजन'चं पहिलं लेखन १८१६ च्या जुलैमध्ये पूर्ण झालं. १८ जुलै १८१७ ला ऑस्टिन वारली आणि पुस्तक त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये निघालं, मुखपृष्ठावर मात्र १८१८ हे साल आहे. कथा थोडक्यात अशी. ॲन एलियट ही एका उधळ्या बॅरोनेटची मधली मुलगी. एकोणीस वर्षांची असताना तिचं फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी लग्न ठरतं. त्याच्याकडे पैसा नाही आणि पाठीशी कुणी नाही. आईच्या जागी असलेली लेडी रसेल ॲनला समजावते आणि ॲन नकार देते. ही गोष्ट १८०६ ची. कादंबरी सुरू होते ती १८१४ च्या उन्हाळ्यात. ॲन आता सत्तावीस वर्षांची आहे, बाप कर्जात बुडालाय, घर भाड्याने द्यावं लागतंय. भाडेकरू म्हणून येतात ते ॲडमिरल क्रॉफ्ट, आणि त्यांची बायको निघते वेंटवर्थची बहीण! वेंटवर्थ आता कॅप्टन आहे. युद्धात पकडलेल्या शत्रूच्या जहाजांच्या बक्षिसातून त्याने पंचवीस हजार पौंड कमावलेत.

इथे बहुतेक वाचक म्हणतात, आठ वर्षं दोघांनी वाट पाहिली, आणि शेवटी ॲनच्या सहनशीलतेला फळ मिळालं. हे वाचन सोपं आहे, आणि म्हणूनच त्यावर सावध राहायला हवं. हे मान्य केलं तर कादंबरीचं तात्पर्य 'बाईने गप्प बसून थांबावं' एवढंच उरतं. मग ॲनला 'पॅसिव्ह' म्हणून आपण मोकळे! माझं म्हणणं असं, की मजकूर या वाचनाला साथ देत नाही. या कादंबरीत संथ आहे तो नायक. ॲनच्या भावनेत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत काहीही बदलत नाही.

पुरावा बघा. तेविसाव्या प्रकरणात समेट होतो आणि त्यानंतरच्या बोलण्यात वेंटवर्थ तिला विचारतो, की १८०८ साली मी काही हजार पौंड घेऊन परतलो, मला लॅकोनिया हे जहाज मिळालं, तेव्हा पत्र लिहिलं असतं तर तू हो म्हटलं असतंस का? ॲनच्या उत्तरात शंकेला जागाच नाही. म्हणजे हिशेब करा. लग्न मोडलं १८०६ ला, पैशाची अडचण संपली १८०८ ला. आठांतली सहा वर्षं परिस्थितीमुळे गेली नाहीत, गेली ती वेंटवर्थच्या अहंकारामुळे. तो स्वतःच कबूल करतो, की लेडी रसेलपेक्षा मोठा शत्रू मीच होतो. विरह घडवणारा अडथळा बाहेर नव्हताच, आणि हे आपल्याला कळतं ते कादंबरी संपता संपता. तोवरचा सगळा मजकूर मग मागे जाऊन पुन्हा वाचावा लागतो.

आता पुन्हा वाचताना काय शोधायचं? मी एक साधा तक्ता केला, तुम्हीही करून बघा. प्रकरणं २४. प्रत्येकासमोर तीन रकाने: नायक प्रत्यक्ष समोर आहे का, दोघं एकमेकांशी थेट बोलतात का, आणि कोण कोणाचं बोलणं ऐकतं. पहिल्याच रकान्यात गंमत दिसते. पहिल्या सहा प्रकरणांत वेंटवर्थ प्रत्यक्ष येतच नाही, येतं ते फक्त त्याचं नाव आणि त्याचा इतिहास. तेरा ते अठरा या प्रकरणांतही तो समोर नाही. म्हणजे निम्म्या प्रकरणांत प्रेमकथेचा नायक गैरहजर!

तिसरा रकाना त्याहून महत्त्वाचा. सातव्या प्रकरणात ॲनला बहिणीकडून कळतं, की ती इतकी बदललीय की ओळखूच आली नसती, असं वेंटवर्थ म्हणाला. दहाव्यात ती कुंपणाच्या झाडीआड बसलेली असताना तो लुईसा मस्ग्रोव्हपाशी ठाम मनाचं कौतुक करत असतो, ते तिच्या कानावर पडतं. बाराव्यात लाइमला लुईसा कॉबच्या पायऱ्यांवरून हट्टाने उडी मारते आणि पडते. सगळे गोंधळतात, डोकं शांत राहतं ते ॲनचं. त्यानंतर ॲनइतकं योग्य कुणी नाही, असं वेंटवर्थ बोलतो तेही ती ओझरतं ऐकते. प्रत्येक वेळी ऐकणारी ती आणि बोलणारा तो. निवेदकही जवळजवळ सतत ॲनच्या बाजूला उभा असतो. सातव्या प्रकरणाच्या शेवटी तो थोडा वेळ वेंटवर्थच्या मनात डोकावतो आणि आपल्याला कळतं, की याने अजून तिला माफ केलेलं नाही. मग ते दार बंद होतं.

त्या झाडीच्या प्रसंगात अजून एक गोष्ट आहे, ती चटकन निसटते. लुईसा बोलता बोलता सांगून जाते, की तिच्या भावाने, म्हणजे चार्ल्सने, आधी ॲनला मागणी घातली होती आणि ॲनने नकार दिला. घरच्यांना वाटतं, की हेही लेडी रसेलच्या सांगण्यावरून झालं. वेंटवर्थ लगेच विचारतो, हे कधी घडलं? म्हणजे त्याच्या हातात पुरावा आलाय: आपल्यानंतर हिने एका सधन घरच्या मुलाला नाकारलं. पण आपल्या जुन्या सिद्धांतात तो इतका अडकलाय ('ही दुबळ्या मनाची आहे, दुसऱ्याचं ऐकते'), की त्या पुराव्याचा अर्थ त्याला लावता येत नाही. संशोधन करणाऱ्याने हे पान जपून ठेवावं. निष्कर्ष आधी ठरलेला असला की समोरचा डेटा दिसत नाही, ही आपल्या धंद्यातली नेहमीची व्याधी. लाइमच्या त्या उडीनंतर त्याला ठामपणा आणि हट्ट यांतला फरक कळू लागतो. कथा तिथून वळते.

आता सगळ्यात भक्कम पुरावा. ऑस्टिनच्या पूर्ण झालेल्या कादंबऱ्यांपैकी हस्तलिखित जवळजवळ उरलेलंच नाही. अपवाद 'पर्स्वेजन'ची शेवटची दोन प्रकरणं, तीही तिने बाद केलेला खर्डा. ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि अनेक अभ्यासकी आवृत्त्यांत परिशिष्ट म्हणून छापलेली असतात. या खर्ड्यात समेट असा होतो: ॲडमिरल क्रॉफ्ट ॲनला रस्त्यात गाठून घरी नेतात, तिथे वेंटवर्थ असतो. ॲनचं लग्न तिच्या चुलतभावाशी, मिस्टर एलियटशी ठरल्याची अफवा आहे. तसं असेल तर आम्ही घर रिकामं करू का, हे विचारायचं अवघड काम ॲडमिरल वेंटवर्थवर टाकतात. ॲन सांगते, तसं काही नाही. दोघांची नजर मिळते, संपलं.

ऑस्टिनला हे रुचलं नाही. तिने तो भाग बाजूला ठेवून नवा लिहिला. नव्या प्रसंगात बाथमधल्या व्हाइट हार्ट या उतारूंच्या खानावळीत ॲन कॅप्टन हार्विलशी वाद घालतेय: प्रेम जास्त काळ कोण टिकवतं, पुरुष की बाई? हार्विल म्हणतो, सगळी पुस्तकं बाईच्या चंचलपणाबद्दल सांगतात. ॲन म्हणते, पुस्तकं पुरुषांनी लिहिलीत, तो पुरावा मी धरणार नाही. शेजारच्या टेबलावर वेंटवर्थ पत्र लिहीत बसलाय, आणि त्याच्या हातातलं पेन खाली पडतं. तो ऐकतोय! तेवीस प्रकरणं चाललेली रीत इथे उलटी होते: बोलणारी ती, ऐकणारा तो. त्यानंतर तो तिथेच घाईघाईने तिला पत्र लिहितो आणि हातमोजे विसरल्याच्या निमित्ताने परत येऊन ते तिच्यापुढे ठेवतो.

दोन्ही शेवट शेजारी ठेवले की फरक ढळढळीत दिसतो. खर्ड्यात गाठ सोडवतो योगायोग आणि एक प्रेमळ ॲडमिरल. छापलेल्या पुस्तकात ती सुटते ॲनच्या शब्दांनी. त्या समाजात लग्न न ठरलेल्या मुलीने पुरुषाला पत्र लिहिणं शिष्टाचारात बसत नव्हतं, मग मागणी घालणं तर दूरच. तिच्यापाशी एकच वाट होती, आपलं मन सर्वसामान्य विधान म्हणून मांडायचं. तिने तेच केलं. याला 'पॅसिव्ह' म्हणणार असाल तर आधी या दुरुस्तीचं स्पष्टीकरण द्यावं लागेल.

टीका करायची तर दुसरी बाजूही मांडायला हवी. एकविसावं प्रकरण घ्या. मिस्टर एलियटचं काळं चरित्र मिसेस स्मिथ ॲनला लांबलचक सांगते. ॲन त्याला नाकारणार हे वाचकाला आधीच जाणवलेलं असतं, त्यामुळे हा भेद उघड होऊन दोघांच्या नात्यात काहीच हलत नाही. इथला संथपणा म्हणजे नुसता उशीर. लाइमपर्यंतच्या प्रकरणांत मात्र प्रत्येक थांब्यावर कुणीतरी काहीतरी चुकीचं किंवा अर्धवट ऐकतं आणि त्यातून पुढचं घडतं. 'संथ' या एकाच शब्दाखाली या दोन वेगळ्या गोष्टी लपतात, आणि त्या वेगळ्या करणं हेच आपलं काम.

शेवटी ॲन एक अवघड गोष्ट बोलते. सल्ला चुकीचा होता, तरी त्या वयात तो मानला हे बरोबरच केलं, असं ती वेंटवर्थला तोंडावर सांगते. ती माफी मागत नाही. नायकाने चूक कबूल करायची आणि नायिकेने आपल्या निर्णयावर ठाम राहायचं, असा हा समेट आहे. ठामपणाची कसोटी लावत कादंबरीभर हिंडणाऱ्या माणसाला खरा ठामपणा तिथे भेटतो.

तुमच्या विषयासाठी यातून घ्यायचं ते एवढं. 'प्रेम हळूहळू फुलतं' हे वाक्य खोडा आणि त्याजागी प्रश्न लिहा: दोघांपैकी कोणाला काय उशिरा कळतं, आणि ते कोणाच्या तोंडून कळतं? मग हेयरची एखादी कादंबरी घ्या आणि हाच तीन रकान्यांचा तक्ता तिच्यावर चालवून बघा. जमलं तर हेयर आणि ऑस्टिन यांच्यातला फरक तुम्हाला प्रकरणाच्या क्रमांकासकट दाखवता येईल. आणि हो, क्रमांकाबद्दल एक सूचना. काही आवृत्त्या १ ते २४ असे सलग आकडे देतात, तर काही १२-१२ प्रकरणांचे दोन खंड करतात. मी सलग आकडे वापरले आहेत. तुम्ही कोणती आवृत्ती वापरताय ते पहिल्याच तळटीपेत लिहून टाका, म्हणजे परीक्षकाला पानं उलटत बसावं लागणार नाही.