महाडची होळी आणि भावनांचं कलम

मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आली होती. वेळ संपल्यामुळे त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, म्हणून आजचं सगळं व्याख्यान तिलाच देतो. चिठ्ठीत लिहिलं होतं : "सर, पाकिस्तानात ईशनिंदेला फाशी आहे. मग सहिष्णुतेचे धडे दर वेळी आम्हालाच का?" नाव नव्हतं. अक्षर चांगलं होतं.

प्रश्न रागाचा आहे, पण खोटा नाही. तेव्हा तो टाळायचा नाही. फक्त त्यात दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ. एक, ईशनिंदेचा कायदा वाईट आहे का? दोन, तो 'त्यांचा' आहे का?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. होय, वाईट आहे. १९८६ मध्ये झिया-उल-हक यांच्या राजवटीत पाकिस्तानच्या दंडसंहितेत २९५-क आलं, आणि १९९० मध्ये तिथल्या शरियत न्यायालयानं त्यात मृत्युदंडाशिवाय दुसरी शिक्षाच ठेवली नाही. या कायद्यावर टीका केली म्हणून जानेवारी २०११ मध्ये पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकानं गोळ्या घातल्या. २०१७ मध्ये मशाल खान या विद्यार्थ्याला त्याच्याच विद्यापीठात जमावानं ठार केलं. हे दोघंही मुसलमान होते. या कायद्याखाली अडकणाऱ्यांतही मोठी संख्या मुसलमानांचीच असते. म्हणजे हा कायदा ज्यांच्या नावानं चालतो त्यांनाच आधी खातो. चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्राला हे ठाऊक नसावं, कारण आपल्याकडे ही बातमी 'मुसलमान असे असतात' या मथळ्याखाली येते. 'मुसलमानांवर असं गुदरतं' या मथळ्याखाली येत नाही.

आता दुसरा भाग. पाकिस्तानच्या २९५-क च्या आधी २९५-अ आहे, आणि तो आपला आहे. दोन्ही देशांची दंडसंहिता मुळात एकच होती, १८६० ची, इंग्रजांनी केलेली. २९५-अ त्यात १९२७ च्या सप्टेंबरात घातलं गेलं. लाहोरला 'रंगीला रसूल' नावाची पुस्तिका निघाली होती, पैगंबरांच्या खासगी आयुष्याची टवाळी करणारी. प्रकाशक राजपाल यांना उच्च न्यायालयानं सोडलं, कारण असलेल्या कायद्यात तो गुन्हा बसत नव्हता. मोठा क्षोभ झाला आणि सरकारनं नवं कलम आणलं : एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं दुखावण्यासाठी त्याच्या धर्माचा अपमान करणं हा गुन्हा. त्या वेळी बॅरिस्टर जिना यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बजावलं होतं की, धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणाऱ्यांना संरक्षण राहिलं पाहिजे. मात्र कलम आल्यानं राजपाल वाचले नाहीत. १९२९ च्या एप्रिलमध्ये त्यांचा खून झाला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता लाहोर सोडू आणि आपल्या जिल्ह्यात येऊ. कलम आलं सप्टेंबरात. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९२७ ला, डॉ. आंबेडकर 'पद्मावती' बोटीनं मुंबईहून दासगावच्या बंदरात उतरले, तिथून चालत महाडला गेले आणि त्या संध्याकाळी मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडला होता गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी.

कलमाची भाषा पुन्हा आठवा. एका वर्गाला पवित्र असलेला ग्रंथ, हेतुपुरस्सर, जाहीरपणे, अग्नीत. लावायचं म्हटलं असतं तर लावता आलं असतं की नाही? भावना दुखावल्या होत्या की नाही? मार्चमध्ये नुसतं चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यानं इतक्या दुखावल्या होत्या की, 'आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार' अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्यांवर लाठ्या चालल्या. नंतर तळ्याचं शुद्धीकरण पंचगव्यानं झालं. लक्षात घ्या, मुसलमान-ख्रिस्ती त्या तळ्याचं पाणी घेऊ शकत होते. ते घेत होते तेव्हा भावना शाबूत होत्या. हिंदूच म्हणवणाऱ्या अस्पृश्यानं ओंजळ भरली तेव्हा दुखावल्या.

म्हणून आमचं म्हणणं असं की, भावना दुखावणं हे गुन्ह्याचं माप होऊ शकत नाही. दुखणं खरं असतं, ते आम्ही नाकारत नाही. पण ज्याचा अधिकार जातो त्यालाही दुखतं आणि ज्याचा अपमान होतो त्यालाही दुखतं. दुखण्याकडे पाहून या दोघांतला फरक कळत नाही. तो कळायला काय केलं, कुणाविरुद्ध केलं, ज्याच्याविरुद्ध केलं त्याच्या हातात किती सत्ता होती, हे पाहावं लागतं. आणि कलमाचा रोख आहे भावनेवर.

सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं. म्हटलं की, सगळा अपमान नव्हे, फक्त दुष्ट हेतूनं केलेला गंभीर प्रकारच यात येतो. कागदावर ठीक आहे. पण निकाल लागेपर्यंत माणूस आत जाऊन आलेला असतो. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी पकडलं. फेसबुकवर एका राजकीय नेत्याच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीनं लिहिलं, दुसरीनं ते आवडल्याचं दाखवलं. त्यात धर्माचा संबंध काय? तरी सुरुवातीला लावलं ते हेच कलम. आता भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा २९९ झालाय. आकडा बदलला, सवय तीच राहिली. इंग्लंडनं मात्र स्वतःचा ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये काढून टाकला.

या कलमाचा मोठा दोष शिक्षेत नाही, शिकवणुकीत आहे. जो जास्त भडकेल त्याचं ऐकलं जाईल, हे ते शिकवतं. मग प्रत्येक गट भडकायचा सराव करतो. सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला सप्टेंबर २०२३ मध्ये आक्षेपार्ह पोस्टवरून जमाव मशिदीवर गेला आणि एक तरुण मारला गेला. कलम होतंच की. राजपालना ते वाचवू शकलं नाही आणि या तरुणालाही नाही. लाहोरचा मारेकरी मुसलमान होता, पुसेसावळीत मेलेला मुसलमान होता. चिठ्ठीतल्या मित्रानं ही दोन वाक्यं शेजारीशेजारी ठेवून पाहावीत.

आता थोडं आमच्याबद्दल. दुसऱ्यांना धडे देतो तर स्वतःचा हिशेबही द्यावा. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. बातमी ऐकताच आमच्या मनात पहिली गोष्ट काय आली? १९९३, शेखाडी, आरडीएक्स. आणि त्यापाठोपाठ श्रीवर्धन-म्हसळ्याचे मोहल्ले. कुणी सुचवलं नव्हतं, आपसूक आलं. चाळीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाच्या मनात आलं. तासाभरानं म्हसळ्याकडच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. आम्हाला वाटलं काही माहिती सांगेल. तो म्हणाला, "सर, अब्बा म्हणतात आज दुकान लावू नको. तुम्हाला काय वाटतं?" संध्याकाळपर्यंत कळलं की बोट ऑस्ट्रेलियन मालकीची, ओमानच्या बाजूनं वाहत आलेली. आम्ही त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला सकाळीच माहीत होतं सर, आपलं काही नाही ते. पण लोकांना संध्याकाळी कळतं."

आणि १९९३ चंही पूर्ण आठवू. तो माल या किनाऱ्यावरून वर गेला तो काही चोरवाटेनंच नव्हे. कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही टाडा न्यायालयात दोषी ठरली. त्यांच्या आडनावांवरून कुठल्या आळीवर कुणी संशय घेतला नाही. आणि ज्या जिल्ह्याचं 'कुलाबा' हे नाव बदलून शिवछत्रपतींच्या राजधानीचं नाव दिलं गेलं, ते १९८१ साली, आंबेतचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना. हे आपल्या स्मरणात सहसा पुढे येत नाही. आठवणीसुद्धा आपण निवडून ठेवतो.

कुणी म्हणेल, सर, म्हणजे मुस्लिम समाजावर बोलायचंच नाही? छे. बोललं पाहिजे. आपल्याच कोकणातले, मिरजोळीचे हमीद दलवाई बोलले. १८ एप्रिल १९६६ ला तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी काढला. त्यांना स्वतःच्या समाजातून विरोध सोसावा लागला, ते लपवायचं कारण नाही. पण ते हिंदू जातीयवादावरही तितकंच कडक बोलत, आणि तिथे मात्र टाळ्या विरळ व्हायच्या. आपल्याला दलवाई हवे असतात ते अर्धेच.

हीच गोष्ट महाडची. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान या मुस्लिम गृहस्थानं. मार्चच्या मारहाणीत काही माणसांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला होता. आणि तेच आंबेडकर पुढे १९४० मध्ये पाकिस्तानवरच्या ग्रंथात मुस्लिम समाजातल्या दोषांची कठोर चिकित्सा करतात. उपकारानं टीका अडली नाही आणि टीकेनं उपकार पुसला नाही. आमच्या मते सहिष्णुता म्हणतात ती हीच. ती म्हणजे प्रेम नव्हे, गप्प बसणंही नव्हे. फत्तेखानना त्या ग्रंथाचं काय वाटत होतं कोण जाणे. त्यांनी जागा दिली, एवढं खरं.

तेव्हा चिठ्ठीचं उत्तर. धडे तुम्हालाच का? कारण लाहोरचं कलम बदलणं तुमच्या-आमच्या हातात नाही, इथलं आहे. माणसाला मारण्याची चिथावणी, त्याचं दुकान-घर बंद पाडणं, यावर कायदा कडकच हवा, मग तो माणूस कुठल्याही धर्माचा असो. ग्रंथ, देव, प्रेषित, महापुरुष यांच्यावरचं बोलणं, वेडंवाकडंसुद्धा, उत्तरानं परतवावं, फौजदारानं नव्हे. महाडचा अभिमान बाळगायचा आणि भावनांचं कलमही हवं म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं बोलता येणार नाही.

चिठ्ठी लिहिणारे मित्र आज आले असतील तर त्यांनी पुन्हा लिहावं. या वेळी नाव घातलं तरी चालेल. आम्ही रागावणार नाही.