कोणत्या मशिदीत जातोस?

हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तेव्हापासून मराठी वैचारिक लेखन मुस्लिम समाजाला बहुधा एकाच मोजपट्टीने मोजत आले आहे: एका टोकाला सुधारक, दुसऱ्या टोकाला सनातनी. दलवाईंच्या धाडसाचे मोल मान्य करूनही या मोजपट्टीची मर्यादा सांगायला हवी. तरुण मुसलमानाला वारंवार विचारला जाणारा प्रश्न तिच्यात बसत नाही. तो प्रश्न म्हणजे, 'कोणत्या मशिदीत जातोस?'

दलवाईंच्याच चिपळूण परिसराचे उदाहरण घेऊ. कोकणी मुसलमान प्रामुख्याने शाफई. उत्तर भारतातून मुंबईत आलेले सुन्नी बहुतांशी हनफी. शाफई माणूस रुकूला जाताना व उठताना हात उचलतो, 'आमीन' मोठ्याने म्हणतो. अहले हदीसही तसेच करतात. त्यामुळे कोकणातला मुलगा मुंबईच्या हनफी मशिदीत उभा राहिला, की आजोबांकडून आलेली त्याची सवय शेजाऱ्याला परक्या पंथाची खूण वाटू शकते. गावात जिच्याकडे कुणाचे लक्षही जात नव्हते, त्या सवयीचा इथे खुलासा द्यावा लागतो.

शाफई-हनफी भेद फिकहचा, शतकांपूर्वीचा आणि परस्परांना मान्य असलेला. देवबंदी-बरेलवी वाद तुलनेने अलीकडचा. देवबंदचे दारुल उलूम १८६६ चे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात आगाखान खटल्याचा निकाल देताना न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजा जमात शिया इस्माइली ठरवली. बरेलवी विचाराला आकार देणारे अहमद रझा खान १८५६ ते १९२१ या काळातले. मदरसा, छापखाना आणि न्यायालय यांनी सैल चालीरीतींभोवती कुंपणे घातली, असे माझे मत आहे.

या कुंपणांना कंटाळून काही तरुण म्हणतात, 'मी फक्त मुसलमान.' हे उत्तर प्रामाणिक असते. पण कोणत्याही इमामाचे अनुकरण नको, कुराण आणि हदीस पुरे, ही अहले हदीसचीच भूमिका. म्हणून पंथ नाकारणाऱ्यालाही ऐकणारा एखाद्या पंथात बसवतो. लग्न ठरवताना तर मसलक विचारला जातोच.

बाहेरच्यांसाठी हा तरुण केवळ मुसलमान असतो. घरच्यांना तेवढे पुरत नाही. त्याच्या धर्मभावनेवर लिहिताना आपण या दोन्ही दडपणांची नोंद घेतली नाही, तर आपली सुधारणेची भाषा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.