अद्भुतकथेचे दोन श्रोते

अद्भुताला बालवयाशी बांधून टाकण्याची जी रीत मराठीत रूढ झाली, तिचे मूळ साहित्यविचारापेक्षा ग्रंथालयाच्या कपाटांत अधिक असावे. दाखलनोंद करताना ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तक कोणत्या तरी एका विभागात घालावेच लागते. आणि परी, राक्षस किंवा बोलके मांजर दिसले की ते बहुधा बालविभागात जाते. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ (स्थापना १९२३), मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्थांच्या ग्रंथालयांनी मुंबईच्या उपनगरांतील वाचन पोसले आहे. अशा ग्रंथालयात दिवसभर देवघेव सांभाळणारी ग्रंथपाल आई जेव्हा रात्री आपल्या मुलाला बालविभागातील पुस्तक वाचून दाखवते आणि त्यात स्वतःच रमते, तेव्हा या विभागणीचा पायाच तपासावा लागतो. तिचे हे रमणे म्हणजे बालपणाची हुरहूर, असे म्हणून विषय संपवण्यात येतो. ते न्याय्य नव्हे.

सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला तो अकराव्या शतकात, काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोरंजनार्थ. त्यातील वेतालकथा प्रौढ श्रोत्यासाठीच होत्या. पुढे ‘चांदोबा’ मासिकाने (मराठी आवृत्ती १९५२ पासून) विक्रम-वेताळाची तीच चौकट वापरून नव्या कथा मुलांपर्यंत नेल्या. म्हणजे वेताळ राणीच्या महालातून मुलांच्या अंथरुणापाशी आला. परंतु येताना त्याने आपला प्रश्न टाकून दिला नाही. मस्तकांची अदलाबदल झालेल्या दोघांपैकी त्या स्त्रीचा पती कोणता, हा प्रश्न ऐकताना मुलाचे लक्ष झाडाकडे परत उडणाऱ्या प्रेताकडे असते, तर वाचून दाखवणाऱ्याचे व्यक्तीची ओळख देहात असते की बुद्धीत, या कोड्याकडे. वाक्य एकच, श्रोते दोन. टॉल्किन यांनीही १९३९ च्या आपल्या व्याख्यानात परीकथा आणि बालके यांचे नाते योगायोगाचेच ठरवले होते.

हे द्विविध श्रवण घडते कसे, याचे उत्तर भाषेत शोधले पाहिजे. इंग्रजीत १९९७ साली निघालेल्या पहिल्या हॅरी पॉटर कादंबरीचे मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे. युरोपीय किमयागारांच्या दगडाला ‘परीस’ म्हणताच मुलाला लोखंडाचे सोने करणारी एक वस्तू मिळते. आईला मात्र त्या शब्दामागे संतवाणीतील लोह-परिसाचा सारा दृष्टान्त ऐकू येतो. मूळ नावात हे काहीच नव्हते. याउलट टॉल्किन यांच्या महाकादंबरीचे ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे मराठी नाव पाहावे. ‘अंगठी’ हा घरगुती शब्द टाळून आलेली ‘मुद्रिका’ सरळ अशोकवनातील सीतेपाशी नेते, आणि षष्ठीचे पद मागे टाकणारी रचना पद्याची आठवण देते. नाव भारदस्त झाले खरे. पण तेवढ्याने पुस्तक प्रौढांच्या कपाटाकडे सरकले. एका तत्सम शब्दाने वयोगट बदलावा, ही गोष्ट ग्रंथपालांइतकीच भाषाभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

स्वतंत्र लेखनात हा प्रकार अधिक सूक्ष्मपणे दिसतो. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) या नावातील ‘एटू’ला कोशात अर्थ नाही, तरी दोन मोकळ्या अक्षरांचा हा शब्द मराठी वाक्यात इतका बिनबोभाट बसतो की, असे लोक असतीलच, याविषयी मुलाला शंका येत नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘इस्किलार’ हेही असेच घडवलेले नाव. परंतु त्यातील जोडाक्षर मराठी कानाला परके वाटते, आणि त्या परकेपणातूनच प्रौढ वाचकासाठी दूरचा, कठोर प्रदेश उभा राहतो. दोन्ही ठिकाणी जग काल्पनिकच. फरक ध्वनींचा आहे. अद्भुताच्या मात्रेचा नाही.

त्याच जी.एं.नी ‘बखर बिम्मची’ (१९८६) लिहिली. राजेरजवाड्यांच्या वृत्तान्ताला शोभणारा ‘बखर’ हा शब्द एका लहानग्याच्या नावामागे नव्हे, पुढे ठेवला आहे. आणि ‘बिम्म’ या नावातील द्वित्त उच्चारताच तोंड मिटते, जणू ते नाव खाऊसारखे तोंडात धरायचे आहे. मुलाला बिम्म पुरतो. ‘बखर’ या शब्दातील विनोद मात्र सभासदांना खऱ्या बखरी काढून देणाऱ्या आईसाठी राखलेला असतो.

बालविभागातले सगळेच अद्भुत असे दुहेरी नसते, हेही येथे म्हटले पाहिजे. शेवटी तात्पर्य चिकटवून घाईने सांगितलेल्या परीकथांना एकच श्रोता असतो, आणि तोही पुष्कळदा मध्येच झोपी जातो. वाचणाऱ्याला कंटाळा आला की त्याचा स्वर सपाट होतो व मुलाला ते तत्काळ कळते. तेव्हा ग्रंथपाल पालकाचा आनंद ही खाजगी हौस न राहता पुस्तक पारखण्याचे एक साधन ठरते. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या सूत्रांपैकी एक असे की, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ‘हॅरी पॉटर’च्या इंग्रजी प्रकाशकांनी १९९८ मध्ये प्रौढांसाठी निराळे मुखपृष्ठ काढून आपल्यापुरता मार्ग शोधला, आत मजकूर तोच होता. मराठी ग्रंथालयाला त्यासाठी नव्या मुखपृष्ठाचीही गरज नाही. ‘बखर बिम्मची’ची एक प्रत ‘रमलखुणा’च्या शेजारी ठेवली, तरी पुष्कळ झाले.