कसरत आणि काव्य

पूर्वसूरींच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्या कलावंताला केवळ अनुकरणकार म्हणावें काय? मार्क-आंद्रे हॅमलिन ह्या माँट्रियलच्या पियानोवादकाच्या बारा ‘एत्यूद’ ऐकतांना हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार आला. एत्यूद म्हणजे बोटांच्या सरावासाठीं योजलेली अभ्यासिका. एकोणिसाव्या शतकांत शोपँ, लिस्ट, आल्काँ ह्या वादक-रचनाकारांनीं तिला मैफलीचा मान मिळवून दिला. आल्काँनें १८५७ सालीं सर्व मायनर स्वरमेळांत मिळून बारा अभ्यासिका प्रसिद्ध केल्या. तोच आराखडा घेऊन हॅमलिन यांनीं १९८६ ते २००९ ह्या काळांत आपल्या बारा पुऱ्या केल्या.

पहिलींत शोपँच्या ए मायनरमधील तीन अभ्यासिका एकाच वेळीं वाजतात! एकींत उजव्या हाताचीं दुबळीं बोटें अर्धस्वरांच्या पायऱ्यांवरून धावतात, दुसरींत डावा हात उड्या घेतो, तिसरी तर हिवाळी वाऱ्याच्या नांवानेंच प्रसिद्ध आहे. गोडोव्स्कीनें असा प्रयोग पूर्वीं केला होता असें सांगतात. ती रचना आज उपलब्ध नाहीं. ऐकणाऱ्याची छाती दडपते खरी, पण टाळ्या थांबल्यावर मनांत उरतो तो बोटांचा वेगच. मोरोपंतांनीं ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करून निरोष्ठ रामायण रचलें. त्याचें कौतुक करून वाचक वळतो तो ‘केकावली’कडे.

सातवी अभ्यासिका एकट्या डाव्या हातासाठीं असून ती त्चैकोवस्कीच्या अंगाईगीतावरून घेतली आहे. बंधन येथेंहि आहे, किंबहुना अधिक कडक आहे. गाणें, साथ आणि मंद्रांतला आधार हें सारें पांच बोटांनीं सांभाळावयाचें. खालचा स्वर पेडलनें धरून ठेवावा आणि तो विरण्यापूर्वीं हातानें वर जाऊन गाणें उचलावें. परंतु वाजविणारा हात एक कीं दोन, याची श्रोत्याला आठवणहि राहत नाहीं. आठवींत ग्योटेच्या ‘एर्लक्योनिग’ ह्या कवितेला शूबर्टच्या जगप्रसिद्ध चालीची मदत न घेतां त्यांनीं स्वतःची चाल दिली आहे. हें धाडस अनुकरणकाराचें नव्हे.

ही शैली कालबाह्य झाली, हा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. विसाव्या शतकांत रचणारा आणि वाजविणारा हे बहुधा निराळे झाले. लिस्टच्या काळीं ते एकच असत. हॅमलिन यांनीं तें तुटलेलें नातें पुन्हा जोडलें, हें आमच्या मतें त्यांचें खरें कार्य. २०१० सालीं हायपीरिअन कंपनीनें काढलेल्या ध्वनिमुद्रिकेंत ह्या बाराहि त्यांनीं स्वतः वाजविल्या आहेत. जिज्ञासूंनीं सातवीपासून आरंभ करावा. पहिली मागाहून ऐकली तरी चालेल.