पुरावा, पुनर्रचना आणि निर्दोष सुटलेला आरोपी : ‘जेएफके’ (१९९१) या चित्रपटाच्या ऐतिहासिकतेचा विचार

प्रास्ताविक

राजकीय हत्येवर आधारित चित्रपटांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन ठरावीक मार्गांनी जाते. इतिहासाचा अध्यापक चित्रपटातील चुकांची यादी करतो. साहित्याचा किंवा चित्रपटाचा अभ्यासक ‘ही कलाकृती आहे, दस्तऐवज नव्हे’ असे म्हणून ती यादी बाजूला ठेवतो. या दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत, आणि दोहोंमुळे मूळ प्रश्न सुटून जातो. चित्रपटाने किती तपशील बदलले, यापेक्षा प्रेक्षकाला सिद्ध झालेली गोष्ट आणि कल्पिलेली गोष्ट यांतील भेद ओळखण्याची संधी त्याने ठेवली आहे काय, आणि ती ठेवली नसल्यास त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘जेएफके’ या चित्रपटाचा विचार केला आहे. डिसेंबर १९९१ मध्ये प्रदर्शित झालेला, तीन तासांहून अधिक लांबीचा हा चित्रपट अमेरिकेचे अध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या हत्येमागे लष्कर व गुप्तहेर यंत्रणांचा कट होता असे प्रतिपादन करतो. अमेरिकेचा इतिहास शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला हा चित्रपट केव्हा ना केव्हा वर्गात भेटतो. वॉरन आयोगाच्या अहवालाचे एक पानही न वाचलेला विद्यार्थी ‘जादूची गोळी’ मात्र आत्मविश्वासाने समजावून सांगतो.

दोन घटना, एक कथानक

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास येथे केनेडी यांची गोळ्या घालून हत्या झाली. संशयित ली हार्वे ओस्वाल्ड याला दोनच दिवसांनी, पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, जॅक रुबी याने ठार केले. त्यामुळे ओस्वाल्डवर खटला कधीच चालला नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने सप्टेंबर १९६४ मध्ये ८८८ पानांचा अहवाल सादर केला आणि ओस्वाल्ड एकटाच होता असा निर्णय दिला. पुढे प्रतिनिधिगृहाच्या विशेष समितीने १९७९ मध्ये, मुख्यत्वे एका ध्वनिमुद्रणाच्या आधारे, कटाची शक्यता मान्य केली. परंतु राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अभ्यासगटाने १९८२ मध्ये तो ध्वनिपुरावा ग्राह्य नसल्याचे दाखवून दिले. सरकारी पातळीवरच अशी परस्परविरुद्ध मते असताना संशय घेणाऱ्या नागरिकाला वेडा ठरविणे अन्यायाचे होईल.

तथापि ‘जेएफके’ची कथा ही केवळ डल्लासची कथा नाही. तिचा नायक न्यू ऑर्लीन्सचा निर्वाचित सरकारी अभियोक्ता जिम गॅरिसन आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी त्याने क्ले शॉ या प्रतिष्ठित व्यापारी गृहस्थावर भरलेला खटला आहे. १ मार्च १९६७ रोजी शॉ यांना अटक झाली. बरोबर दोन वर्षांनी, १ मार्च १९६९ रोजी, ज्युरीने तासाभराच्या आतच त्यांना निर्दोष ठरविले. केनेडींच्या हत्येबद्दल कोणावर खटला चालला असे हे एकमेव उदाहरण. कटाच्या व्यापक सिद्धांताविषयी मतभेद राहू शकतात. शॉ यांच्या खटल्याचा निकाल मात्र लागलेला आहे. स्टोन यांनी या दोन घटनांना एकमेकींत विणले आणि पहिलीविषयीचा संशय दुसरीतील आरोपीच्या खात्यावर जमा केला.

प्रतिमेचा दर्जा

‘जेएफके’च्या छायाचित्रणाला व संकलनाला ऑस्कर पारितोषिके मिळाली, आणि ती योग्यच होती. अस्सल वृत्तचित्रण, अब्राहम झाप्रुडर यांनी घरगुती कॅमेऱ्याने टिपलेली सुमारे २६ सेकंदांची फिल्म, कृष्णधवल पुनर्रचना, निरनिराळ्या रुंदीच्या फिल्मवरील जाणीवपूर्वक खरखरीत केलेली दृश्ये हे सारे इतक्या वेगाने एकमेकांत मिसळते की नजर थांबू शकत नाही. या मिश्रणात प्रत्येक प्रतिमेचा पुराव्याचा दर्जा पुसला जातो. झाप्रुडर यांची फिल्म हा पुरावा आहे. ओस्वाल्डचे बंदुकीसह असलेले छायाचित्र कापून-चिकटवून बनविणारे हात ही कल्पना आहे. विशेष समितीच्या छायाचित्रतज्ज्ञांनी ते छायाचित्र अस्सल ठरविले होते. मृत ओस्वाल्डच्या हाताचा ठसा बंदुकीवर उमटविला जातो, हीदेखील कल्पनाच. पडद्यावर या तिन्ही गोष्टी एकाच पोताच्या, एकाच अधिकाराच्या दिसतात. लिखित इतिहासात ‘कदाचित’, ‘असे म्हणतात’, ‘साक्षीदाराच्या मते’ असे शब्द असतात. चित्रपटाच्या भाषेतही ते निर्माण करता येतात. स्टोन यांना ते येत नव्हते असे नाही, त्यांनी ते वापरले नाहीत.

न्यायालयातील ‘जादूच्या गोळी’चे प्रात्यक्षिक या संदर्भात तपासण्यासारखे आहे. गॅरिसन दोन सहकाऱ्यांना एकामागे एक, सरळ रेषेत व समान उंचीवर बसवितो आणि एकच गोळी केनेडी व गव्हर्नर कोनाली या दोघांना लागणे अशक्य आहे असे दाखवितो. प्रत्यक्षात कोनाली यांचे मुडपते आसन केनेडींच्या आसनापेक्षा खाली आणि सुमारे सहा इंच आतल्या बाजूला होते, शिवाय ते उजवीकडे वळलेले होते. हे लक्षात घेतले की गोळीच्या मार्गातील ‘जादू’ बरीचशी ओसरते. त्यामुळे एका गोळीचा सिद्धांत आपोआप सिद्ध होतो असे नव्हे, पण प्रेक्षकाने ज्यावर मत बनवावयाचे ते प्रात्यक्षिकच चुकीच्या मांडणीवर उभे आहे. आणि हीच आकृती विद्यार्थ्याच्या वहीत येते.

व्हिएतनामविषयीच्या प्रतिपादनाचे थोडक्यात असेच आहे. केनेडींच्या ऑक्टोबर १९६३ च्या सैन्यमाघारीच्या निवेदनाला जॉन्सन यांनी २६ नोव्हेंबरच्या निवेदनाने उलटविले असे चित्रपट सुचवितो. दुसऱ्या निवेदनाचा मसुदा २१ नोव्हेंबरला, केनेडी जिवंत असताना, त्यांच्याच सल्लागाराने तयार केला होता ही बाब त्यात येत नाही. हे सारे गॅरिसनला सांगणारा ‘एक्स’ नावाचा निवृत्त अधिकारी स्टोन यांचे सल्लागार फ्लेचर प्राउटी यांच्यावर बेतलेला आहे. वॉशिंग्टनमधील ती भेट मात्र पटकथेतच घडली.

क्ले शॉ यांचे काय?

शॉ यांच्याविरुद्धच्या खटल्याचा मुख्य आधार पेरी रुसो हा विमा कंपनीत काम करणारा तरुण होता. एका मेजवानीनंतर शॉ, डेव्हिड फेरी व ओस्वाल्ड हत्येची योजना आखत होते, अशी त्याची साक्ष होती. ही साक्ष आकाराला येत असताना त्याला सोडियम पेंटोथाल देण्यात आले होते आणि संमोहनाखाली त्याची तपासणी झाली होती. फिर्यादी पक्षाच्या दृष्टीने ही सर्वांत अडचणीची गोष्ट. चित्रपटात रुसो नाहीच. त्याच्या जागी विली ओ’कीफ हे कल्पित, अनेक व्यक्तींची सरमिसळ केलेले पात्र येते. पात्रांचे असे संमीलन नाट्यदृष्ट्या क्षम्य असते, परंतु येथे पात्राबरोबर औषध आणि संमोहनही नाहीसे होते. खटला ज्या ठिकाणी कच्चा होता नेमका तोच भाग कापला गेला, हे संक्षेपाच्या गरजेतून घडले असे मानणे कठीण आहे.

फेरीच्या बाबतीतही तेच. तो अखेरपर्यंत आरोप नाकारीत राहिला आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये मरण पावला. मृत्यू नैसर्गिक असल्याचा निर्वाळा वैद्यकीय तपासणीत मिळाला होता. चित्रपटात तो हॉटेलच्या खोलीत गॅरिसनसमोर जवळजवळ कबुली देतो आणि पुढे त्याच्या तोंडात बळजबरीने गोळ्या कोंबल्या जात असल्याची दृश्ये झळकतात. न्यायालयातील गॅरिसनच्या प्रदीर्घ, अश्रुपूर्ण भाषणाबद्दलही बोलायला हवे. प्रत्यक्ष खटल्याचे बहुतेक काम त्याच्या सहायकांनी चालविले. गॅरिसन बराच काळ न्यायालयात नसे, आणि त्याच्या छोट्या समारोपात आरोपीचा उल्लेख नाममात्र होता. झाप्रुडर यांची फिल्म त्या ज्युरीने फेब्रुवारी १९६९ मध्ये वारंवार पाहिली होती, हे मात्र खरे. सर्वसामान्य अमेरिकन प्रेक्षकाला ती दूरचित्रवाणीवर १९७५ मध्ये दिसली. म्हणजे ज्या दृश्याच्या बळावर चित्रपट आपले मन वळवितो, ते पाहूनही बारा नागरिकांनी शॉ यांना सोडून दिले होते.

चित्रपटात निकाल ‘निर्दोष’ असाच दाखविला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण तोवर प्रेक्षकाने शॉ, फेरी व ओस्वाल्ड यांना एका खोलीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. त्याला निकाल हा न्यायाचा पराभव वाटतो. भरीला शॉ यांची समलैंगिकता सोनेरी रंग फासलेल्या चेहऱ्यांच्या आणि दरबारी पोशाखांच्या विलासी दृश्यात अशी रंगविली आहे की लैंगिक वेगळेपण हाच जणू कटाचा पुरावा व्हावा. सत्तेविरुद्ध उभे राहण्याचा दावा करणाऱ्या कलाकृतीने समाजातील एका जुन्या पूर्वग्रहाचा इतका सहज आधार घ्यावा, हे प्रस्तुत लेखकास चित्रपटातील कोणत्याही तांत्रिक चुकीपेक्षा अधिक खटकते.

कट-सिद्धांत कोणाचा?

स्टोन यांनी आपल्या चित्रपटाला वॉरन अहवालाच्या मिथकाविरुद्धचे प्रतिमिथक म्हटले. संशोधन-टिपा जोडलेली पटकथा व तिच्यावरील अनुकूल-प्रतिकूल लेख त्यांनी १९९२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धही केले, आणि हा प्रामाणिकपणा नोंदविला पाहिजे. त्यांच्या समर्थकांचा युक्तिवाद असा की कट-सिद्धांत हे दुर्बल नागरिकाचे बलाढ्य शासनाविरुद्धचे हत्यार आहे. कोस्टा-गाव्रास यांचा ‘झी’ (१९६९) त्यासाठी दाखल्यादाखल पुढे केला जातो. ग्रीक खासदार लाम्ब्राकिस यांच्या १९६३ मधील हत्येवरील त्या चित्रपटातही सत्ताधाऱ्यांचा कट आहे. पण तेथे तपास करणाऱ्या दंडाधिकाऱ्याने खरोखरच पोलीसदलातील वरिष्ठांवर आरोप ठेवले होते. कट कागदावर आलेला होता, चित्रपटाने तो शोधून काढला नाही.

कट-सिद्धांत नेहमी दुर्बलांचाच असतो, हे गृहीतकही तपासून पाहावे लागेल. त्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग कमिशनर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चाफेकर बंधूंचा शोध लागण्यापूर्वीच यामागे पुण्याच्या ब्राह्मणांचा व्यापक कट आहे, हा सिद्धांत राज्यकर्त्यांच्या व अँग्लो-इंडियन वृत्तपत्रांच्या वर्तुळात रुजला होता. त्याच वातावरणात नातू बंधूंना १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली खटल्याविना स्थानबद्ध करण्यात आले, आणि टिळकांवर हत्येचा नव्हे तर ‘केसरी’तील लेखनाबद्दल राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. नचिकेत व जयू पटवर्धन यांनी या घटनेवर १९७९ मध्ये चित्रपट केला आणि त्याला ‘२२ जून १८९७’ असे केवळ तारखेचे नाव दिले. पटवर्धनांच्या हाताशी पकडलेले आरोपी, कबुली, न्यायालयीन निकाल आणि दामोदर चाफेकरांचे तुरुंगातील आत्मकथन होते, स्टोन यांच्या हाताशी यांपैकी काहीच नव्हते. म्हणून दोन चित्रपटांची थेट तुलना न्याय्य ठरणार नाही. नातू बंधू आणि क्ले शॉ यांची तुलना मात्र करता येते. पुण्यात शासनाने आणि न्यू ऑर्लीन्समध्ये शासनाविरुद्ध लढत असल्याचे सांगणाऱ्या सरकारी वकिलाने, कट आहेच असे धरून माणसे निवडली.

अभिलेखागार आणि अखेरच्या पाट्या

या चित्रपटाचे एक ऋण कोणताही इतिहास-अभ्यासक नाकारू शकणार नाही. विशेष समितीची कागदपत्रे २०२९ पर्यंत कुलूपबंद असल्याचे चित्रपटाच्या शेवटी सांगितले गेले. त्यातून उसळलेल्या लोकमतामुळे १९९२ मध्ये केनेडी हत्या कागदपत्रांविषयीचा कायदा झाला आणि एका स्वतंत्र मंडळाने १९९४ ते १९९८ या काळात कागद खुले करविले. मंडळाच्या अंतिम अहवालातही चित्रपटाचा हा वाटा मान्य केला आहे. आज हा संग्रह पन्नास लाखांहून अधिक पानांचा असून मार्च २०२५ मध्येही त्यात मोठी भर पडली. या कागदांतून गुप्तहेर यंत्रणेची ओस्वाल्डवरील पाळत आणि क्यूबाविरुद्धच्या लष्करी योजना यांविषयी खूप काही बाहेर आले. आयोगापासून बरेच दडविले गेले, हा स्टोन यांचा संशय निराधार नव्हता. मात्र शॉ यांचा हत्येशी संबंध सिद्ध करणारा कागद पुढे आलेला नाही.

अखेरच्या पाट्यांतील एक वाक्य असे सुचविते की शॉ गुप्तहेर यंत्रणेसाठी काम करीत होते आणि हे रिचर्ड हेल्म्स यांनी १९७९ मध्ये शपथेवर कबूल केले. हेल्म्स यांनी सांगितले ते एवढेच की परदेशी जाऊन येणारे अनेक व्यापारी यंत्रणेच्या संपर्क-विभागाला माहिती देत, त्यांपैकी शॉ एक होते. शॉ यांच्या मृत्यूभोवतीही पाटीत संशयाचे वलय ठेवले आहे. त्यांच्या सुटकेनंतर काय घडले, यावर मात्र एकही पाटी नाही. गॅरिसनने निर्दोष सुटलेल्या शॉ यांच्यावर लगेच खोट्या साक्षीचा नवा आरोप ठेवला आणि १९७१ मध्ये फेडरल न्यायालयाने तो खटला चालविण्यास मनाई केली. शॉ यांनी गॅरिसन व त्याच्या पाठीराख्यांविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा लावला, पण तो सुनावणीस येण्यापूर्वीच, १९७४ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांना पत्नी, अपत्ये, आईवडील वा भावंडे कोणीच हयात नव्हती आणि लुइझियानाच्या कायद्यानुसार असा दावा तेवढ्याच नातेवाइकांना पुढे चालविता येत असे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने चालू ठेवलेला तो दावा वारसाअभावी संपुष्टात आल्याचा निर्णय दिला.