वैशाखातील गायन आणि नाममुद्रेचा प्रश्न

भीमा आणि घोड या नद्यांच्या काठी वसलेल्या शिरूर व दौंड तालुक्यांत चैत्र-वैशाख हा गाण्याचा हंगाम होय. एकीकडे गावोगावच्या जत्रा आणि त्यांच्यासाठी नारायणगावच्या राहुट्यांतून ठरवून आणलेले तमाशाचे फड. दुसरीकडे ११ एप्रिलच्या फुले जयंतीपासून बुद्धपौर्णिमेपर्यंत, आणि पुष्कळदा मृगाच्या तोंडापर्यंत, चालणारे गायन पार्टीचे कार्यक्रम. १४ एप्रिलला प्रत्येक वस्तीला गायक मिळणे शक्य नसते. म्हणून मंडळे तारखा पुढे-मागे घेतात आणि जयंती महिनाभर गावोगाव फिरत राहते. दसऱ्याला सुरू झालेला तमाशाचा हंगाम बुद्धपौर्णिमेच्या सुमारास उतरतो. आपल्या गायकाचा हंगाम त्याच पौर्णिमेला भरात असतो. एक ढोलकी खोळीत जाते तेव्हा दुसरी कसली जात असते.

हा योगायोग वरवरचा नाही. शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुल्याला येणाऱ्या रस्त्यावरून गायकाची गाडी जाते, त्याच रस्त्याच्या टोकाला संगीत बारीची कला केंद्रे आहेत. वाद्ये तीच, तालही पुष्कळदा तोच. भेद कोठे पडला, हे समीक्षकाने नेमके सांगितले पाहिजे. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होतो आणि त्यापाठोपाठ कृष्णाची गवळण येते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील दुसरी प्रतिज्ञा राम व कृष्ण यांना आणि तिसरी गौरी-गणपती यांना देव मानण्याचे नाकारते. म्हणजे या दोन प्रतिज्ञांनी लोकरंगभूमीच्या प्रारंभीच्या दोन्ही पायऱ्याच काढून घेतल्या. सत्यशोधक जलशाने आणि पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशाने हे काम आधीच आरंभिले होते. त्यांनी जुना सांगाडा घेतला आणि त्यातील आशय पालटला. आज गायन पार्टी त्रिसरण-पंचशीलानंतर वंदनगीताने उभी राहते, ती त्या परिश्रमाच्या पुण्याईवर.

शिरूर तालुक्याला गाणी रचणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. कवठे येमाई येथील लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (निधन २०२१) यांनी अनेक फडांसाठी गण, गवळण, लावणी व वग लिहिले. तेथे कवी गावी राहतो आणि त्याचे गाणे फडाबरोबर फिरते. वामनदादा कर्डकांचे उलट होते. सिन्नर तालुक्यातील देशवंडीला १९२२ साली जन्मलेला, प्रौढ वयात अक्षरे गिरवलेला हा कवी २००४ साली निधन होईपर्यंत स्वतःच गाण्याबरोबर चालत राहिला. शिरूर-दौंडच्या वस्त्यांत वामनदादांचे गाणे झाले नाही अशी जयंती विरळा. अनेक गीतांच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा येते. संतकवींपासून चालत आलेली ही रीत त्यांनी केवळ अलंकार म्हणून स्वीकारली नसावी. ज्यांच्या पूर्वजांच्या नावाने जमिनीचा सात-बारा नव्हता, त्यांना गीताच्या अखेरीस आपले नाव बसविता येणे हीच एक नोंद होती.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो.

गायकाच्या उन्हाळ्याचे तीन भाग असतात : गाणे, शिकविणे आणि ध्वनिमुद्रण. यांपैकी पहिल्याची जाहिरात होते, तिसऱ्याचा व्यापार होतो आणि मधल्याकडे कोणी पाहत नाही. दौंड तालुक्यातील एका वस्तीत आम्ही दुपारी पोहोचलो, तेव्हा रात्रीच्या कार्यक्रमाचा गायक विहारातील चटईवर बसून आठ-दहा मुलामुलींकडून ध्रुवपद घटवून घेत होता. त्याच्याबरोबरचे झीलकरी पुरेसे नव्हते, हे त्यामागील खरे कारण! पण त्या दोन तासांत मुले केवळ चाल शिकली नाहीत. ‘प्रज्ञा’ आणि ‘करुणा’ यांत काय अंतर, असे एका मुलीने विचारले आणि गायकाला पेटी थांबवावी लागली. त्याने दिलेले उत्तर पंडिती नव्हते. जखम पाहून कळवळणे आणि ती कशाने झाली हे शोधणे, एवढाच भेद त्याने सांगितला. रात्री मंचावर तेच गीत झाले, टाळ्या पडल्या, कोणीतरी नोटा उधळल्या. आमच्या मते त्या दिवसाचा खरा कार्यक्रम दुपारीच होऊन गेला होता.

ध्वनिमुद्रणात हे काहीच येत नाही. कॅसेटच्या काळात दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटे असत आणि त्यांत दहा-बारा गीते बसवायची असत. तेव्हा कात्री चाले ती कडव्यांवर, आणि शेवटचे कडवे गेले की कवी गेला. वेष्टनावर गायकाचे छायाचित्र मोठे, कवीचे नाव बारीक किंवा मुळीच नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजाने ही गीते घराघरांत पोहोचविली, हे ऋण मोठे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि ऐकणाऱ्याच्या मनात गीत आवाजाच्या नावे जमा झाले. आता कॅसेट संपली. भ्रमणध्वनीवर मुखडा आणि एक अंतरा एवढेच फिरते. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे मिरवणुकीत तर शब्द ऐकू येण्याची अटच उरलेली नाही. चित्रपटातील चालींवर आमचा तितका रोष नाही, कारण लोकांच्या ओठी असलेली चाल घेणे ही जलशाची जुनीच युक्ती आहे. रोष आहे तो ओळी भरण्यासाठी केलेल्या स्तुतीवर. बाबासाहेबांना केवळ सूर्य-चंद्राच्या उपमा देत राहणाऱ्या अलीकडच्या रचना ऐकल्या की वामनदादांनी राबणाऱ्याच्या भाकरीचा हिशेब गाण्यात कसा मांडला होता, ते तीव्रतेने आठवते.

याच प्रदेशातील दुसरे एक काम येथे ताडून पाहावे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यापासून आरंभ करून महाराष्ट्रातील हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेकींचे ध्वनिमुद्रण झाले. त्यांत बाबासाहेबांवरील आणि बुद्धावरील ओव्याही आहेत. पिठाच्या गिरणीने जाते बंद पाडले, तरी ओवी टिकली. परंतु संग्रहाचे मोल केवळ संख्येत नाही. कोणत्या गावातील कोणत्या बाईने ओवी गायिली, हे तेथे नोंदलेले आहे. जिने कधी मंच पाहिला नाही तिचे नाव सुरक्षित राहिले आणि ज्याने आयुष्यभर मंच गाजविला त्या कवीचे नाव मात्र वेष्टनावरून गळून पडले, ही विसंगती आपल्या चळवळीने निर्माण केलेली आहे. तिचा दोष बाहेरच्यांवर ढकलता येणार नाही.

गायकालाच दोषी धरणे सोपे आहे. पण उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या बिदागीवर ज्याला पावसाळा काढावा लागतो, त्याने आणखी एक वही सांभाळावी, ही अपेक्षा त्याच्यावर लादता येत नाही. ते काम मंडळाचे व विहाराचे आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील कारखान्यांत नोकरीला लागलेल्या तरुणांच्या हाती आज यंत्र आहे. तेच रात्री मंचापुढे उभे राहून चित्रण करतात. त्यांनी दुपारीच यावे. गीत मुखड्यापासून नाममुद्रेपर्यंत अखंड घ्यावे, कवी, गायक, पेटी-ढोलकीवाले, गाव आणि तारीख यांची नोंद करावी आणि मुलांनी विचारलेले प्रश्नही राहू द्यावेत. दौंडच्या त्या मुलीचा प्रश्न आम्ही आमच्या वहीत उतरवून घेतला, पण गायकाच्या उत्तराचा आवाज आमच्याकडे नाही.