दासगावच्या माणसाचे पुस्तक

दलित साहित्याची चर्चा आपण नेहमी पुस्तक छापून आल्यानंतर सुरू करतो. मग अनुभव, भाषा, विद्रोह, बांधिलकी यांवर आपण लिहितो, परिसंवाद घेतो. परंतु लिहिलेला मजकूर छापखान्यापर्यंत पोचतो कसा आणि न पोचलेल्या मजकुराचे होते काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेत येत नाही. तो पैशाचा व्यवहार म्हणून बाजूला टाकला जातो. माझ्या मते तो समीक्षेचाच प्रश्न आहे. काय छापले जाते यावरून काय लिहिले जावे हे ठरू लागते. एका पुस्तकाच्या आधारे मी हे मांडतो.

ते पुस्तक कॉम्रेड आर. बी. मोरे यांचे. महाडजवळ, सावित्रीच्या काठी असलेले दासगाव हे त्यांचे गाव. १९०३ साली जन्मलेल्या या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने लेखी तक्रार केली तेव्हा दार उघडले, पण बसायला जागा मिळाली ती वर्गाबाहेर. पुढे दासगावच्या सार्वजनिक पाणवठ्यावर अस्पृश्यांनी पाणी घेतले ते १९२६ साली, चवदार तळ्याच्याही आधी. १९ व २० मार्च १९२७ ची महाडची परिषद उभी करण्यात मोरे अग्रभागी होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, मनुस्मृती जिच्यात जाळली गेली त्या परिषदेसाठी, बाबासाहेब बोटीने आले ते दासगावच्याच बंदरात उतरले आणि तेथून महाडला गेले. १९३० नंतर मोरे कम्युनिस्ट चळवळीत गेले. बाबासाहेबांविषयीचा आदर मात्र त्यांनी सोडला नाही.

या माणसाने आपली हकिगत स्वतः लिहायला घेतली होती. ती अपुरी राहिली आणि १९७२ साली मोरे गेले. त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी वडिलांच्या अपुऱ्या आत्मकथनाला स्वतः लिहिलेल्या चरित्राची जोड दिली आणि 'दलित व कम्युनिस्ट चळवळीचा सशक्त दुवा : कॉम्रेड आर. बी. मोरे' हे पुस्तक २००३ साली निघाले. लेखकाच्या मृत्यूनंतर ३१ वर्षांनी! आणखी १६ वर्षांनी, २०१९ मध्ये, दिल्लीच्या लेफ्टवर्डने वंदना सोनाळकर यांचे इंग्रजी भाषांतर काढले, तेव्हा कुठे विद्यापीठांना या नावाची दखल घ्यावीशी वाटली.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. ज्या १९७२ साली मोरे गेले त्याच साली 'गोलपिठा' आला. १९७५ साली 'ग्रंथाली' सुरू झाली आणि १९७८ साली तिने दया पवारांचे 'बलुतं' काढले. म्हणजे दलित आत्मकथनांना मराठी प्रकाशनाची दारे उघडत होती नेमक्या त्याच काळात दासगावचे हे आत्मकथन छापल्यावाचून राहिले. 'बलुतं'चे थोरपण वादातीत आहे. माझा आक्षेप त्यावर नाही. माझा आक्षेप त्या दाराच्या मापावर आहे. मध्यमवर्गीय वाचकाला दलिताकडून हवे होते ते बालपण, भूक आणि अपमान. मोरे सांगतात ते संघटन. कोणाला भेटलो, सभा कशी जमवली, पत्र कोणाला धाडले, वर्गणी कशी उभी केली. वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची त्यांना गरज वाटत नाही. शिवाय आंबेडकरी गोटाला ते कम्युनिस्ट, आणि कम्युनिस्टांना जातीचा प्रश्न पुन्हापुन्हा काढणारे. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तशी गत.

पुस्तकातही दोष आहेत. पुत्राने लिहिलेल्या भागात चरित्रनायकाविषयीचा आदर इतका आहे की, पक्षातील मतभेदांची धार बोथट होते. शीर्षक तर मला मुळीच मान्य नाही. 'दुवा' म्हणजे दोन मोठ्या वस्तूंना जोडणारी तिसरी, लहान वस्तू. मोरे यांचे स्वतःचे कथन वाचले की दिसते, हा माणूस दुवा नव्हे, मूळ आहे. महाडचा संग्राम आकाशातून पडला नाही. दासगावच्या पेन्शनर महार सैनिकांच्या वस्तीत, तिथल्या साध्या माणसांत तो आधी पिकत होता. हे आपल्याला या पुस्तकामुळे कळते. ते छापलेच गेले नसते तर?

प्रश्न एकट्या मोरे यांचा नाही. याच महाड तालुक्यातल्या रावढळच्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली विटाळाविरुद्धची पुस्तिका स्वतःच्या हिमतीवर काढली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ छापण्याचा खर्च वीस हजारांच्या घरात जात होता. १४ सप्टेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून सरकारने सुमारे ५०० प्रती घ्याव्यात अशी विनंती केली. नेहरूंनी अडचण कळवली. ग्रंथ निघाला १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात. फलटणच्या बेबीताई कांबळ्यांनी आपले लिखाण वीस वर्षे घरात लपवून ठेवले. १९८२ साली 'स्त्री' मासिकातून ते क्रमशः आले आणि 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली.

हे सारे आज आठवण्याचे कारण घडले. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगारांवर कादंबरी लिहिणारा एक तरुण वही घेऊन माझ्याकडे आला. एका प्रकाशकाने त्याला दोन अटी घातल्या होत्या. २०० प्रती लेखकाने विकत घ्याव्यात; आणि जमल्यास कादंबरीचे आत्मकथन करून आणावे, 'तुमच्याकडून तेच खपते'. तो मला विचारत होता, "सर, करू का बदल?" क्षणभर मीही गप्प राहिलो, कारण माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी असा बदल केला होता. बोलीतले संवाद मी स्वतःच्या हाताने प्रमाण मराठीत घातले. पुस्तक निघाले, पण त्यातली माझी आई माझ्या आईसारखी बोलत नाही.

मी त्याला म्हणालो, "बदल करू नकोस. पण वहीही पेटीत ठेवू नकोस." जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाववर दरड कोसळली, माणसे गाडली गेली. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले आणि तळिये दरडीखाली. असल्या मुलखात एकुलती एक हस्तलिखित प्रत म्हणजे निम्मे हरवलेले पुस्तक होय. आधी नक्कल करावी, प्रकरणे नियतकालिकांना द्यावीत, जाणत्या चार लोकांना वाचून दाखवावे.

पण सगळा भार लेखकावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर आपले लोक पोटाला चिमटा घेऊन पुस्तके विकत घेतात. एवढा वाचकवर्ग दुसऱ्या कोणत्या समाजाला आहे? मग त्यांच्याकडून आगाऊ वर्गणी घेऊन दरवर्षी एका नव्या लेखकाचे पुस्तक, त्याच्या भाषेला हात न लावता, आपणच का काढू नये? २० मार्चला महाडला आपण हजारोंनी जमतो. त्या दिवशी दासगाव परिसरातल्या एका नव्या लेखकाचे पुस्तक तिथे विकायला असावे, एवढीच माझी मागणी आहे. त्या तरुणाची वही सध्या माझ्याकडे आहे. नक्कल झाली आहे. पहिले प्रकरण याच अंकाच्या संपादकांकडे मी देत आहे.